१०८९ सीसी : कुर्ल्यात बनलेलं इंजिन, नाशिकरोडचं पार्किंग आणि नियमातला एक शब्द

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. विषय जुन्या गाडीचा असला तरी गाडीशौकीनांपुरता नाही. ज्यांच्या घरी कधीकाळी फियाट होती, ज्यांचे वडील-काका एखाद्या कारखान्यात फिटर किंवा टर्नर होते, आणि 'दुरुस्त करण्यापेक्षा नवीन घ्या' हे वाक्य ऐकून ज्यांचं डोकं फिरतं, त्या सगळ्यांचा हा विषय आहे.

सुरुवात आकड्यांनी करतो. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनचा स्ट्रोक ७५ मिलिमीटर, सिलिंडर चार. गुणाकार केला की १०८९ सीसी. इटलीतल्या फियाट कंपनीने हे माप १९३७ साली '५०८ सी' नावाच्या गाडीत आणलं. दान्ते जाकोझा नावाच्या तरुण इंजिनिअरचं त्या गाडीच्या कामात मोठं डोकं होतं. १९५३ मध्ये फियाटने नवी ११०० काढली, तिच्यातही हेच माप. ती गाडी भारतात आली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. २००० सालाच्या आसपास पद्मिनीचं उत्पादन थांबलं, तोवर पेट्रोल पद्मिनीच्या बॉनेटखाली तेच ६८ बाय ७५ होतं.

म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी आखलेलं इंजिन, आपल्याकडे मोबाइल फोन आले तरी शोरूममध्ये नवंकोरं विकलं जात होतं. मधे सुधारणा झाल्या, पण सांगाडा तोच.

मी पेशाने मेकॅनिक नाही. पण गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी, नाशिकरोडला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, १९७५ च्या पद्मिनीचं इंजिन खोलून पुन्हा बांधतोय. लोक विचारतात, "घरी जमतं हे?" जमतं. पण का जमतं याचं उत्तर पाना-स्क्रू ड्रायव्हरमध्ये नाही, इतिहासात आहे. म्हणून ही पोस्ट.

*इतिहासाला नाशिकची वाट आहे*

भारतात मोटारी बनवायचं स्वप्न दोन माणसांनी लावून धरलं. एक सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्यातून इंजिनिअर झाल्यावर १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले आणि सुरुवातीची नोकरी त्यांनी आपल्या नाशिक-खानदेश भागात केली. पुढे १९३० च्या दशकात, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांनी मोटार कारखान्याची योजना हातात घेतली आणि त्यासाठी अमेरिकेत डेट्रॉइटपर्यंत जाऊन आले.

दुसरे वालचंद हिराचंद. जन्म सोलापूरचा, १८८२ चा. आपल्या जिल्ह्यात त्यांची ओळख सांगायची तर मालेगाव तालुक्यातलं रावळगाव. तिथली शेती आणि १९३३ चा साखर कारखाना त्यांचाच, आणि आपण लहानपणी चघळलेली रावळगावची गोळीही त्यातूनच आली. १९४० मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. तीच पुढे सरकारकडे गेली आणि १९६४ मध्ये तिची 'हिंदुस्तान एरोनॉटिक्स' झाली, म्हणजे आपल्या ओझरचं एचएएल. ओझरला ज्यांनी मिगवर काम केलं आणि ज्यांनी पैसे साठवून फियाट घेतली, त्या दोघांच्या मागे दूरवर कुठेतरी हाच माणूस उभा आहे.

मोटारीसाठी वालचंदांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. युद्धाच्या काळात इंग्रज सरकारने या कारखान्याला पाठबळ द्यायचं नाकारलं. तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. आधी क्रायस्लरच्या मोठ्या गाड्या. मग १९५० च्या दशकात फियाटशी करार झाला आणि लहान गाडीचं युग सुरू झालं. वालचंद १९५३ मध्ये गेले. फियाट ११०० चा घरोघरी झालेला बोलबाला त्यांनी पाहिला नाही.

*टंचाईने काय घडवलं*

१९५३ च्या सुमारास सरकारने धोरण ठरवलं. परदेशातून सुटे भाग आणून नुसती जुळवाजुळव करणाऱ्यांना इथे जागा नाही, टप्प्याटप्प्याने सगळं देशात बनवायची तयारी असेल त्यांनीच राहायचं. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स निघून गेली, फोर्डही गेली. मोटारींच्या बाजारात मुख्यतः तीन नावं उरली : कलकत्त्याकडची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि आपली कुर्ल्याची प्रीमियर.

पुढे १९५९ मध्ये मोटारींच्या वाटप आणि विक्रीवर नियंत्रणाचा आदेश निघाला. गाडी कोणाला कधी मिळणार यात सरकार, किंमत किती यातही सरकार. किमतीचा वाद तर प्रीमियर आणि इतर कंपन्यांनी सुप्रीम कोर्टापर्यंत नेला. सामान्य माणसाला त्यातलं एकच कळत होतं : नंबर लावा आणि थांबा. एक-दोन महिने नाही, काही वर्षं. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुतीची चावी दिली गेली, तोवर हे असंच चाललं.

या काळाला आपण 'लायसन्स राज' म्हणून नावं ठेवतो आणि ती ठेवायलाच हवीत. स्पर्धा नसल्यामुळे कंपनीला गाडी सुधारायची गरज नव्हती, आणि आपण नव्या किमतीला जुनं तंत्र विकत घेत राहिलो.

पण त्याच टंचाईतून दुसरी एक गोष्ट घडली, जी कोणत्याही पंचवार्षिक योजनेत लिहिलेली नव्हती. गाडी पुन्हा मिळणार नाही म्हणून ती फेकायची नाही, ही सवय लागली. तीन-चार दशकं इंजिन एकच, म्हणून त्याचं ज्ञानही साठत गेलं. कुर्ल्यापासून कोल्हापूरपर्यंत प्रत्येक गावात एक तरी मिस्त्री असा तयार झाला, ज्याला हे इंजिन डोळे मिटून खोलता येई. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट बनवणारे लहान-मोठे कारखाने उभे राहिले. शाळेत न गेलेल्या पोराला फायरिंग ऑर्डर पाठ असायची : एक, तीन, चार, दोन.

माझं म्हणणं एवढंच आहे. कुर्ल्यात गाडी बनत होती, पण तिला टिकवलं ते गॅरेजमधल्या आणि लेथवरच्या माणसांनी. आणि ही दुरुस्तीची विद्या महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचा गाडीइतकाच मोठा भाग आहे. गाडीची आपल्याला आठवण येते, विद्येची येत नाही.

*इंजिन खोलल्यावर काय दिसतं*

हे नुसतं भावनिक नाही, म्हणून प्रत्यक्ष काम कसं असतं ते सांगतो.

इंजिन काढायच्या आधी पाणी आणि ऑइल काढायचं, रेडिएटर बाजूला, कार्बोरेटर आणि सायलेन्सरकडची जोडणी सोडायची, मग चेन-पुलीने इंजिन वर घ्यायचं. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू वर्षानुवर्षं पाण्याच्या संगतीत राहिले की हेड स्टडवर घट्ट धरून बसतं. इथे घाई केली तर हेड तडकतं. जिरवणारं तेल सोडून दोन-दोन दिवस थांबायचं, लाकडी हातोड्याने चारी बाजूंनी हलकेच ठोकायचं. संयम हा या कामातला पहिला पाना.

हेड उतरलं की सिलिंडर दिसतात. बोटाने वरची कड चाचपली की पायरीसारखी धार लागते. पिस्टनची वरची रिंग जिथपर्यंत येते तिथपर्यंत झीज झालेली असते, त्याच्या वर मूळ माप शिल्लक राहतं, ती ही धार. सिलिंडर गोल दिसतो, पण बोअर गेज टाकला की कळतं : वर जास्त झिजलाय, खाली कमी, आणि एका बाजूला थोडा अंडाकृती. गाडी धूर का ओढत होती, ऑइल का पीत होती, त्याचं उत्तर या मिलिमीटरच्या काही शतांशांत असतं.

आता घरी काय होतं आणि काय होत नाही ते बघा. प्रत्येक भाग धुणं, खुणा करून डब्यात ठेवणं, मोजणं, व्हॉल्व्हला पेस्ट लावून हाताने घासून बसवणं, नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने तपासणं (या मापाच्या सिलिंडरला साधारण पाव मिलिमीटर), टायमिंग चेनच्या खुणा जुळवणं, टॅपेट लावणं, हेडचे नट ठरलेल्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळणं. हे सगळं पार्किंगमध्ये, पुस्तक समोर ठेवून, हौशी माणसाला जमतं. इंजिन बनलंच अशा काळात, की ते उघडलं जाणार हे बनवणाऱ्याने गृहीत धरलं होतं.

पण सिलिंडर पुढच्या मापाला बोअर करणं, होनिंग, क्रँकशाफ्टचं ग्राइंडिंग, हेडचा पृष्ठभाग सपाट करणं, हे घरी होत नाही. त्यासाठी मशीन शॉप लागतं. त्यातही मशीनपेक्षा मशीनवरचा हात जास्त महत्त्वाचा. क्रँकच्या तीन मेन जर्नलपैकी एकाचं माप किंचित हललं तरी बेअरिंग ऑइलची फिल्म धरत नाही, आणि सहा महिन्यांत इंजिन खडखडायला लागतं.

म्हणून 'घरी इंजिन बांधलं' हे वाक्य अर्धंच खरं असतं. निम्मं काम घरी, निम्मं लेथवाल्याकडे. घरचा भाग हौसेवर चालतो. लेथवाल्याचा भाग शहरात कोणते उद्योग आहेत यावर चालतो.

*आपल्या गावात हे हात कुठून आले*

नाशिकरोड म्हटलं की बाहेरच्यांना नोटांचा प्रेस आठवतो. पण जरा मोजून बघा. सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेस, त्यांची यंत्रं राखणारी माणसं. एकलहऱ्याचं वीज केंद्र. रेल्वेचा कर्षण मशीन कारखाना. देवळालीचा तोफखाना आणि त्याबरोबर येणारं लष्करी वाहनांचं काम. ओझरला विमानं. सातपूरला डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर बनवणारी मायको, जीप-गाड्या बनवणारी महिंद्रा, आणि घाट उतरायच्या आधी इगतपुरीला महिंद्राचाच इंजिनांचा कारखाना. एवढ्या छोट्या टापूत शतांश मिलिमीटरमध्ये विचार करणारी इतकी माणसं महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असतील.

यातले अनेक जण ड्युटी संपल्यावर किंवा निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये उभे राहिले. ती वर्कशॉप मग शेतकऱ्याचा पंप, ट्रॅक्टरचं हेड, ट्रकचा क्रँक आणि कधीतरी एखादी फियाट, सगळंच करायची. जुन्या गाडीचं काम त्यांचं पोट भरत नव्हतं, पण त्यांच्यामुळे जुनी गाडी जगत होती.

आता ती साखळी सुटतेय. नव्या गाडीचं इंजिन कोणी सहसा बोअर करत नाही. पातळ लायनर, ॲल्युमिनियम ब्लॉक, सेन्सर, कंपनीचं सॉफ्टवेअर. बिघाड झाला की अख्खी असेंब्ली बदलतात. क्रँक ग्राइंडिंगचं मशीन महिन्यात मोजकेच दिवस चालत असेल तर मालकाचा मुलगा त्या धंद्यात का येईल? तो येत नाहीये. मी ज्यांच्याकडे ब्लॉक दिला तिथे सगळ्यात तरुण कारागीर पन्नाशीपुढचा होता.

*नियम काय म्हणतात*

आता सार्वजनिक मुद्द्याकडे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी-चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबर प्लेटवर 'व्हीए' मालिका, नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर पुनर्नोंदणीचे ५,०००. चांगलं पाऊल होतं, कारण त्याआधी अशा गाड्यांसाठी देशभर एकसारखा नियमच नव्हता.

पण अशी गाडी रोज रस्त्यावर नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, प्रात्यक्षिक, इंधन भरणं, देखभाल, एवढ्याच कारणांसाठी. शिवाय गाडी मूळ रूपात हवी आणि तिचं मोठं 'ओव्हरहॉल' झालेलं नसावं, ज्यात चॅसी, बॉडी किंवा इंजिनातले बदल येतात.

या एका शब्दाशी मी अडतो. ज्याने गॅरेजमध्ये पाऊल ठेवलंय त्याला विचारा, ओव्हरहॉल म्हणजे काय? तो सांगेल, इंजिन खोलून, झिजलेलं बदलून, पुन्हा मूळ मापात किंवा पुढच्या मापात बांधणं. म्हणजे गाडी मूळ रूपात जिवंत ठेवण्याचा एकमेव मार्ग. पन्नास वर्षं वापरलेलं इंजिन ओव्हरहॉल न करता चालूच शकत नाही. नियमाचा हेतू बहुधा जुन्या सांगाड्यात भलतंच इंजिन बसवणाऱ्यांना रोखण्याचा असावा, आणि तो योग्यच आहे. पण मग तसं स्पष्ट लिहा. फियाटच्या ब्लॉकमध्ये फियाटचेच पुढच्या मापाचे पिस्टन टाकणं हा 'बदल' की 'देखभाल'? हे तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहू नये.

'पद्मिनी' हे नाव १९७४ चं. म्हणजे त्या नावाच्या पहिल्या गाड्यांनी २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. आजवर व्हिंटेज म्हणजे राजे-महाराजांच्या रोल्स-रॉइस असा समज होता. आता त्या रांगेत डॉक्टर, वकील, प्राध्यापक आणि टॅक्सीवाल्यांची गाडी येऊन उभी राहिली आहे. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी तर ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या थांबल्या.

दुसरा रस्ता साध्या नोंदणीचा. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, वर राज्याचा पर्यावरण कर. १५ वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि २० वर्षांवरच्या कारसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० वर गेलं.

त्यात पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या काळच्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा फुगवतं, कडक करतं. मी नळ्या आणि पडदा बदलले, कार्बोरेटरचा जेट नव्याने जुळवावा लागतोय, कारण या पेट्रोलवर मिश्रण पातळ होतं. ज्याला हे माहीत नाही त्याच्या गाडीत गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकू शकतं. हा हौसेचा नाही, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. आणि गंमत बघा, ज्या वालचंदांनी साखर कारखाना काढला त्यांच्याच गाडीला आज उसाचं इंधन सोसत नाहीये.

*दुसरी बाजूही खरी आहे*

कोणी म्हणेल, जुन्या गाड्या धूर ओकतात, त्यांचं कौतुक कशाला? आक्षेप बरोबर आहे. नीट बांधलेलं इंजिन ऑइल जाळत नाही, निळा धूर सोडत नाही, पण त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. बीएस-६ गाडीच्या तुलनेत ते जास्त विषारी वायू सोडतं, कितीही मनापासून बांधलं तरी. द्वारकेच्या सिग्नलला रोज हजार पद्मिनी उभ्या राहाव्यात असं मी म्हणत नाही. महिन्यातून काही दिवस, ठरावीक किलोमीटर, दर वर्षी धुराची कडक तपासणी, हे मला मान्य आहे.

पण गाडी भंगारात किंवा गाडी काचेच्या पेटीत, या दोनच्या मधे तिसरी जागा हवी. दुरुस्त होणारी, माफक चालणारी, तपासलेली गाडी. कारण ती जागा गेली की तिच्याबरोबर बोअरिंगचं मशीन जातं, आणि मशीनबरोबर हात जातो. आणि तो हात उद्या फक्त फियाटसाठी लागणार नाही. शेतकऱ्याचं डिझेल इंजिन, साखर कारखान्याचा पंप, बंद पडलेलं जनरेटर, सगळ्यांना तोच लागतो.

म्हणून तीन साध्या मागण्या. व्हिंटेज नियमात मूळ मापाचं किंवा मान्य ओव्हरसाइजचं इंजिनकाम 'देखभाल' म्हणून स्पष्ट लिहावं. प्रत्येक पंपावर इथेनॉलचं प्रमाण ठळक दिसावं आणि जुन्या गाड्यांनी कोणते रबरी भाग बदलावेत याची मराठीत यादी लावावी. आणि आयटीआयच्या पोरांना एक तरी इंजिन पूर्ण खोलून, मोजून, बोअर करून, पुन्हा चालू करून दाखवायला लावावं, शिकवायला आपल्या गावातल्या निवृत्त टर्नर-फिटरांना मानधनावर बोलवावं. केंद्राने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. पण दुरुस्तीचा हक्क कागदावर मिळून काय उपयोग, दुरुस्त करणारा माणूसच उरला नाही तर?

यातली तिसरी मागणी मंत्रालयाची वाट न बघता इथे, नाशिकमध्येच सुरू करता येईल. तुमच्या घरात, ओळखीत प्रेस, ओझर, एकलहरे, रेल्वे किंवा सातपूरमधून निवृत्त झालेले टर्नर, फिटर, ग्राइंडर असतील आणि त्यांना महिन्यातून एक रविवार पोरांना शिकवायला आवडणार असेल, तर खाली कळवा. नाव-नंबर जाहीर टाकू नका, मेसेज करा. पाच जण जमले तरी एखाद्या आयटीआयच्या दारात जाऊन बोलता येईल. खोलायला इंजिन लागलं तर माझं आहेच.